जिथे नर्सबाई राहायच्या, तिथे मी राहिलो

डोमाजीभाऊंचा फोन आला नसता तर मी गेलोच नसतो. आणि फोन त्यांनी केला होता तो मी येऊ नये म्हणून.

"सायेब, मंगळवारी गावसभा हाय," ते म्हणाले. "नर्सबाईले राहाले जागा द्याची का नाई, त्याच्यावर. तुमाले कोणी फोनगीन केला तं सांगा, मले काई मालूम नाई."

"आणि मला काय मालूम आहे, डोमाजीभाऊ?"

"तेच तं सांगून राह्यलो ना जी. काईच नाई."

फोन ठेवला आणि मी रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. बायकोला म्हटलं, गावाला जाऊन येतो. ती म्हणाली, "कुठल्या? आपलं गाव तर साताऱ्याकडे." मी काही बोललो नाही. न बोलणं मला जमतं. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी तेच करत आलो.

त्या गावाबद्दल मी पूर्वी लिहिलं आहे. काही वाचकांना आठवत असेल. घरून काम करायच्या दिवसांत आमच्या पुण्याच्या कंपनीने सांगितलं, कुठूनही काम करा, आणि मी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलाकडेच्या एका गावात जाऊन जवळजवळ तीन वर्षं राहिलो. मोहाचा वास, तलावातली कमळं, लॅपटॉपवर येऊन बसणारा नाकतोडा, सगळं रंगवून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'सुदैवाने गावात एक घर रिकामं मिळालं.' ते वाक्य खोटं होतं. डोमाजीभाऊंचं ते घर रिकामं नव्हतं. मी ते रिकामं करवलं होतं. आज लिहितो आहे ती त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना चालेल, मलाच चालणार नाही.

सोमवारी सकाळी चंद्रपूरला उतरलो. फाल्गुन लागला होता, ऊन अजून माणसात होतं. ऊर्जानगरच्या चिमण्या लांबूनच दिसल्या. पहिल्या पाळीचे लोक मोटारसायकलींवरून आणि कंपनीच्या बसमधून वसाहतीकडून वीजकेंद्राकडे निघाले होते. घर आणि काम एकाच फाटकाच्या दोन बाजूंना असलेली ती माणसं बघून मला नेहमी हेवा वाटायचा. स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. तर्री (तिखट रश्शाचा वरचा लाल तवंग) नाकापर्यंत चढली आणि पोहेवाला म्हणाला, "नवीन दिसता, भाऊ." तीन वर्षं राहून गेलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

त्याचं म्हणणं खरं ठरवायला मी लगेच चुकीच्या बसमध्ये बसलो. पाटी मूलची, म्हणजे मला जायचं होतं त्या तालुक्याच्या गावाची होती, बस पोंभुर्ण्याची. कंडक्टर म्हणाला, "पाटी बदलाची राहून गेली ना जी. बसा आता, पोंभुर्णा काई वाईट गाव नाई." खरंच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता, कापणी झालेल्या बांध्यांमध्ये (धानाच्या बांध घातलेल्या शेतांमध्ये) लाखोळीच्या डाळीचं हिरवं पीक होतं. पण माझा जीव गावसभेत अडकला होता. पोंभुर्ण्याहून मूलकडे जाणाऱ्या जीपमध्ये बोरांच्या टोपलीला टेकून बसलेल्या एका बाईंनी चौकशी सुरू केली.

"कोणाकडे जाऊन राह्यले, भाऊ?"

"मूलला. एका नर्सबाईंकडे."

"आमच्याकडची बी नर्स मूललेच राह्यते आता. मास्तर बी. ग्रामसेवक बी." त्यांनी एक बोर माझ्या हातावर ठेवलं. "चांगली घरं शहरवाल्यायनं घेतली ना. जंगलात राहाचं म्हणतात अन् दिवसभर खिडकी लावून कम्प्युटरपुढं बसतात. मंग मास्तर मूलहून येते दहाले, अन् जाते तीनले. पोट्टे शिकतीन कधी?"

मी बोर खात राहिलो. आंबट होतं. "तुमी काय काम करता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कम्प्युटरपुढेच." त्या इतक्या हसल्या की टोपलीतली बोरं सांडली, आणि मूल येईपर्यंत आम्ही सगळे मिळून ती गोळा करत होतो.

शोभाबाई मूलला एका राईस मिलच्या मागे एका खोलीत राहतात. भुसा उडून खिडकीच्या जाळीत बसलेला, कपडे आतच वाळत घातलेले. त्या आमच्या गावच्या नर्स. माझ्या आधी नऊ वर्षं डोमाजीभाऊंच्या घरात भाड्याने राहिल्या. गावातलं उपकेंद्र म्हणजे औषधांपुरती एक खोली, त्यामुळे खरा दवाखाना या घराची ओसरीच होती. गेली काही वर्षं त्या रोज मूलहून एसटीने ये-जा करतात, आणि शेवटची बस गेली की गावाला नर्स नसते.

मला दारात बघून त्यांना नवल वाटलं नाही. "डोमाजीभाऊनं सांगितलं असन, येऊ नका. म्हणजे तुमी येणार," त्या म्हणाल्या आणि भात टाकला. पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची भाजी, वर मूठभर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. रस्त्यालगत गावाचं जुनं धान-कोठार आहे. भिंती उभ्या आहेत, छप्पर पडलेलं. ते नर्सला राहायला द्यावं असं बहुतेकांना वाटतं. मुक्कामाची सोय झाली नाही तर उन्हाळ्यानंतर त्यांची बदली दूर होणार आणि त्या जागी कोण येईल, येईल की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

"मग अडलंय कुठे?"

"तानाबाईवर."

त्या गावात कुठलाही निर्णय सगळ्यांच्या होकाराने होतो. मतं मोजत नाहीत. एकाने जरी नाही म्हटलं तर सभा उठते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. यावेळी दोनदा उठली होती. तानाबाई ढिवरांच्या मोहल्ल्यातली, तलावावर जाळं टाकणारी, साठीतली बाई. तिचं म्हणणं एवढंच: जी बाई आपल्या सोयीसाठी गाव सोडून मूलला गेली, तिला गावाची जागा काऊन (का म्हणून) द्यायची?

"पण तुम्ही सोडून गेला नव्हता."

"नाई."

"मग सांगितलं का नाहीत?"

शोभाबाईंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "डोमाजीभाऊच्या धाकट्या सुनेचं बाळंतपण त्याच महिन्यात होतं. माह्याच हातानं झालं. ज्याच्या घरी असं जाणं-येणं, त्याले चारचौघात खाली पाहाले लावू काय? अन् तुमचं नाव कशी घेऊ? तुमी तं पाहुणे."

पाहुणे.

"मी उद्या बोलणार आहे," मी म्हणालो.

"पाहा बाप्पा," त्या म्हणाल्या. "तानाबाई जाळं फेकते तं मासा सुटत नाई."

मुक्काम लॉजवर केला. मंगळवारी सकाळी पहिल्या बसने दोघं निघालो. वैनगंगेच्या पुलावर बस आली. नदी अर्धी वाळू, अर्धं पाणी. पलीकडच्या काठावर, पूल संपतो तिथल्या वळणावर एक जागा आहे, तिथे मी बघितलं नाही. का, ते पुढे येईल.

गावसभा मोहाच्या झाडाखाली बसते. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाच्या) पुड्या फिरत होत्या. मला बघून डोमाजीभाऊंनी पुडी खिशात घातली. "जोहार, सायेब," दोघंचौघं म्हणाले. "तुमचं नेट गेलं काय पुण्यात?" हशा झाला. मीही हसलो, कारण हसणं सोपं होतं.

विषय निघाला. म्हातारे, तरणे, सगळे म्हणाले, द्या. मग तानाबाई उठली. मांडीवरची नात तिने शेजारणीकडे दिली.

"माही सून ट्रॅक्टरवर बाळंत झाली. पुलाच्या अलीकडे, रस्त्यावर. पाणी पडून राह्यलं होतं, वरतून ताडपत्री धरली तिघींनी. ही पोर तिथी झाली," तिने नातीकडे हात केला. "जगली, देवाची कृपा. नर्सबाई कुठी होती? मूलले, पंख्याखाली. नऊ वर्सं आमच्या हातचे मासे खाल्ले, अन् गेली. माह्या जिवात जीव हाय तवरी माहं नाई ते नाई."

शोभाबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत होत्या. डोमाजीभाऊ वर झाडाकडे बघत होते, जणू मोहाची फुलं मोजायची होती. अजून कळीही नव्हती.

मी उभा राहिलो. आयुष्यात सभेत उभा राहून मी कधी बोललो नव्हतो. कंपनीच्या मीटिंगमध्येही नाही.

"तानाबाई, नर्सबाई गेल्या नाहीत. त्यांना घालवलं. मी घालवलं."

मी बोलत गेलो. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

मी सांगितलं की पहिल्यांदा आलो तेव्हा अख्ख्या गावात फिरलो, फोन हातात धरून. नेटच्या चारही रेघा फक्त डोमाजीभाऊंच्या ओसरीत आल्या. मला तीच ओसरी हवी झाली. घरात नर्सबाई राहतात हे मला कळलं होतं, औषधाची पेटी आणि दारातल्या चपला मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मी डोमाजीभाऊंना दुप्पट भाडं देतो म्हणालो. ते म्हणाले, नर्सबाईले काय सांगू? "आणि मी म्हणालो, सांगा की मुलगा हैदराबादहून परत राहायला येतोय. हे खोटं डोमाजीभाऊंना सुचलं नव्हतं. ते मी त्यांच्या तोंडात घातलं. गावाला त्यांनी नंतर सांगितलं की बाई पोरांच्या शाळेसाठी मूलला गेल्या. तेही मी ऐकलं आणि गप्प राहिलो."

"पुढं बोला," तानाबाई म्हणाली. आवाज सपाट होता.

"ज्या संध्याकाळी तुमची सून ट्रॅक्टरमधून गेली, तेव्हा मी त्याच ओसरीत होतो. ट्रॅक्टर माझ्यासमोरून गेला. ट्रॉलीतली खाट दिसली. कुणीतरी ओरडलं, नर्सबाई असत्या तर. मी मीटिंगमध्ये होतो. बोलायची माझी पाळी आली. मी माईक चालू केला आणि म्हणालो, हो, ऐकू येतंय."

एवढंच सांगायचं होतं. मी खाली बसलो.

तानाबाई डोमाजीभाऊंकडे वळली. "काऊन गा डोमा? खरं हाय?"

डोमाजीभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. "खरं हाय, बाई. पण अर्धं. खोटं यायनं सांगितलं, पण तोंड तं माहंच होतं ना." मग हळूच: "पोरगा अजून हैदराबादलेच हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि शेवटी तानाबाईपर्यंत पोचलं. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग ती शोभाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"काऊन व बाई, तोंड होतं ना तुले? चार वर्सं मी तुह्यावर थुकली, तू माह्या पोरीले टोचणी देत राह्यली!"

"टोचताना तुमी भांडत नव्हत्या ना," शोभाबाई म्हणाल्या. "तेवढंच बरं."

तानाबाईने त्यांना दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि सभेकडे वळून म्हणाली, "माहा होकार हाय. लिवा."

मोहाखाली एकदम इतका गलका झाला की झाडावरचे पोपट उडाले. डोमाजीभाऊ म्हणाले, नर्सबाईंनी जुन्याच घरी परत यावं, आता राहतोय त्या नागपूरच्या पोराला मी सांगतो. शोभाबाईंनी मान हलवली. "नाई, भाऊ. एकदा उठली भाड्याच्या घरातून. अन् त्या पोराचं काय चुकलं? त्याले काऊन उठवता?" हे ऐकून मला जे वाटलं ते लिहीत नाही. वाचकांनी समजून घ्यावं. सभेने मग ठरवलं की कोठाराचं घर कुणा एकीचं नाही. गावात जी नर्स असेल ती तिथे राहील. आणि यापुढे बाहेरच्याला घर देण्याआधी, आज तिथे कोण राहतं आहे आणि ते कुठे जाईल, हे सभेत सांगायचं. बाहेरच्याला बंदी नाही. "लॅपटॉपवाले बी माणसंच हाय," एक म्हातारा म्हणाला. "थोडेसे."

शेवटी माझा विषय निघाला. दंड काय? एक जण म्हणाला, गावजेवण. तानाबाई म्हणाली, "जेवण याले सोपं हाय. यंत्रातून पैसे काढीन अन् मोकळा. याले गारा तुडवू द्या. अन् डोमालेबी. दोघायनं मिळून खोटं बोललं, दोघायनं मिळून तुडवा."

मी रजा वाढवून घेतली. कोठाराच्या मागे खड्डा खणून त्यात माती, पाणी आणि तणस (धानाचं वाळलेलं काड) टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं गुडघाभर गाऱ्यात (भिंती लिंपायच्या चिखलात) उतरलो. डोमाजीभाऊ साठीचे, मी त्यांच्याहून थोडा लहान, दोघंही धापा टाकत होतो. दुपारी ते म्हणाले, "सायेब, तुमाले लवकर सांगता आलं असतं." मी म्हणालो, "तुम्हालाही." "हो ना," ते म्हणाले, आणि आम्ही तुडवत राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून सूचना करायच्या. "इकडच्या कोपऱ्यात सुकं हाय, सायेब!" "नेट येऊन राह्यलं काय गाऱ्यात?" संध्याकाळी पाय इतके दुखत की एसटीची पायरी चढवेना. म्हणून मी गावातच राहिलो, डोमाजीभाऊंच्याच घराच्या मागच्या पडवीत. तिथे फोनला एकच रेघ येते. फार शांत झोप लागली.

त्या गावात एक रीत आहे. ज्याचा नकार सगळ्यात शेवटी सुटतो, कामाला पहिला हात त्याचा लागतो. नकाराचा मान राहावा म्हणून. त्यामुळे मयाल (छपराची मधली मोठी तुळई) चढवायच्या दिवशी तानाबाईला पुढे उभं केलं. साडीचा काचा मारून तिने खांदा दिला, मागे दहा गडी, आणि "उचल रे" हा आवाज तलावाच्या पार गेला असेल. डोमाजीभाऊंनी सांदवाडीतला (परसबागेतला) साग कापायला दिला होता. तीच ती मयाल. फाटे (वासे) बसले, बांबूच्या कमच्या (पट्ट्या) बांधल्या गेल्या. घराघरातून जुनी कवेलू (कौलं) निघाली. पाच कुणाकडून, पन्नास कुणाकडून. नागपूरच्या पोराने सुट्टी टाकली आणि भिंतीवर उभा राहिला. दोन कवेलू त्याने फोडली. त्यावर त्याला मिळालेले टोमणे मी इथे देऊ शकत नाही.

शेवटच्या दिवशी कवेलू चढवायची साखळी लागली. विहिरीपासून छपरापर्यंत बाया-गडी रांगेत, हातातून हातात कवेलू. माझ्या एका बाजूला तानाबाई होती, दुसऱ्या बाजूला शोभाबाई. तानाबाई मला कवेलू द्यायची आणि मी ते शोभाबाईंना. एकदा फक्त तानाबाई म्हणाली, "हात बरा चालते आता तुमचा." पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी मोठी बढती मिळाली नव्हती.

अर्धं छप्पर झाकलं होतं तेव्हा माझी बस आली. ती रस्त्यापलीकडेच थांबते. बसमधून एक अवघडलेली बाई नवऱ्याचा हात धरून उतरली. पलीकडच्या गावची असावी. तिने इकडेतिकडे बघून मलाच विचारलं, "भाऊ, नर्सबाई कुठी राह्यतात?"

मी बोट दाखवलं. छपरावरच्यांनीही ऐकलं होतं.

"इथी!" नागपूरचा पोरगा ओरडला, आणि त्याच्यामागून सगळी रांग ओरडली, "इथी! इथी राह्यतात!" शोभाबाईंनी हातातलं कवेलू तानाबाईकडे दिलं, हात पदराला पुसले आणि अर्ध्या छपराच्या घरात शिरल्या. बाई त्यांच्यामागे गेली. तानाबाईने आतून पडद्यासारखी साडी बांधली आणि बाहेर येऊन सगळ्यांना गप्प केलं. तिथे तेव्हा जितकी शांतता झाली, तितकी मी कुठल्याही जंगलात ऐकलेली नाही.

पुलाजवळ बस आली तेव्हा मी त्या वळणाकडे बघितलं. नुसता रस्ता होता. कडेला गवत आणि पळसाची गळून पडलेली फुलं.

पुण्याच्या गाडीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, कुठून येताय? पूर्वी मी म्हणालो असतो, जरा फिरायला गेलो होतो. नखांत अजून गारा होता. मी सांगायला सुरुवात केली, घरापासून, चार रेघांपासून, कुणाला कसं उठवलं तिथपासून. वर्धा गेलं, बडनेरा गेलं. त्यांनी डबा उघडला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मग? तानाबाई काय म्हणाल्या?"